मशीनची जाळी

भाद्रपदातली झड चौथ्या दिवशीही हटली नव्हती. पाऊस पडतोय म्हणावं तर थेंब दिसत नव्हता, आणि नाही म्हणावं तर अख्ख्या शिवाजी पेठेत दोरीवरचं एक धडुतं वाळलं नव्हतं. बनाबाईनं सकाळी सहाला खोलीला कुलूप घातलं, प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर ओढली आणि कोपऱ्यावरच्या घरातली रात्रीची भांडी घासून टाकली. तिथला चहा मात्र तिनं नेहमीसारखा नको म्हणून सांगितला. तो चहा नसून साखरेचं गरम पाणी असतं, असं तिचं फार वर्षांपासूनचं मत होतं. साडेसातच्या सुमाराला ती मंगळवार पेठेत मगदूमांच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली.

आत पाऊल टाकलं आणि तिला हसू आलं. हसू म्हणजे ओठाची एक बाजू वर गेली, एवढंच. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून भांडी धुणाऱ्या मशीनची खालची जाळी पालथी घातली होती आणि घरचा कर्ता मुलगा ऋषभ तिच्यावर ओणवा झाला होता. नेहमीच्या चष्म्यावर कारखान्यात घालतात तसला दुसरा चष्मा, हातात निळे मोजे. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. त्यातला गोरा माणूस इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होता, आणि ऋषभ दर दोन वाक्यांनी त्याला थांबवून पुन्हा मागं नेत होता.

"ऑपरेशन हाय व्हय आज?" बनाबाईनं विचारलं.

"रॅक रिपेअर करतोय मावशी," ऋषभ मान वर न करता म्हणाला. "तुम्ही भांडी घ्या."

बनाबाईनं भांडी घेतली. त्यासाठीच तर तिला परत बोलावलं होतं.

ह्या घरात तिनं अकरा वर्षं भांडी घासली होती. ऋषभच्या लग्नातली घासली, त्याचे वडील गेले तेव्हाचीही घासली. मग दोन वर्षांखाली एक दिवस ओट्याशेजारी कपाटाएवढं पांढरं मशीन येऊन बसलं. ऋषभची बायको दीपा बँकेत नोकरीला. तिनं बनाबाईला खुर्चीवर बसवलं, हातात लाडू दिला आणि म्हणाली, मावशी, आता तुम्हाला त्रास नको. दुसऱ्याचं काम काढून घ्यायचं आणि त्याचा त्रास कमी केला म्हणायचं, ही बँकेतली रीत बनाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. लाडू तिनं जिना उतरता उतरता कुत्र्याला घातला. कुत्र्यानं खाल्ला नाही, असं ती पुढं सांगायची, पण ते खोटं होतं.

मशीनबद्दल ती एवढंच म्हणायची की, आधी खरकटं काढा, मग विसळा, मग एकेक ताट लेकरासारखं उभं करून आत निजवा, मग दीड तास त्याची गुरगुर ऐका. विसळून दिल्यावर राहिलं काय घासायचं? एवढ्यात तिची दोन घरं उरकायची.

आणि आता त्याच मशीनची जाळी कुजली होती. ताटं उभी राहावीत म्हणून जाळीला बोटाएवढ्या दांड्यांच्या रांगा असतात, त्यातल्या पुढच्या रांगेतल्या दांड्या गंजून तपकिरी झाल्या. ताटांच्या कडेला तांबूस ओघळ दिसायला लागले. मग एक दांडी मोडली, ताट घसरून खालच्या फिरत्या पंख्यात अडकलं आणि मशीन गप झालं. मशीनला स्वतःला काही झालं नव्हतं, पण जाळीशिवाय ते नुसतं पांढरं कपाट. बघायला आलेल्या माणसानं सांगितलं, हे मॉडेल आता निघत नाही, जाळी मिळणार नाही. उद्यमनगरातल्या एका वेल्डरनं जाळी उलटीसुलटी करून परत दिली. असलं केसासारखं काम करत बसलो तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कोण करणार, म्हणाला. तेव्हा दीपाचा फोन आला होता. या मावशी, रॅकचं काहीतरी होईपर्यंत.

म्हणजे गोष्ट उघड होती. जाळी मोडकी होती तोवर हे घर बनाबाईचं. जाळी धड झाली की बनाबाई पुन्हा जिन्यात. मधल्या दोन वर्षांत तिला ह्या घराच्या तोडीचं दुसरं मिळालं नव्हतं. माणसं तीन, मटण-मासळीचा चिकट नाही, पाणी चोवीस तास, आणि संध्याकाळची भांडी दिवस मावळायच्या आत पडायची. असलं घर सुटलं की पुन्हा हाती लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जाळी कुजली कशानं, हे तिला आल्या आल्या पहिल्याच दिवशी मोरीतली घासणी बघून कळलं होतं. घरात दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. ऋषभची आई, अंजनाआक्का, शिरोळकडची. दिवे लागायच्या आत जेवणारं जैन घर. ओलं, खरकटं काही रात्रभर ठेवायचं नाही, त्यात जीव होतात, हे आक्कांच्या हाडात भिनलेलं. मशीननं धुतलेलं त्यांच्या मनाला धुतल्यासारखं वाटेना. शिवाय आतून ओलंच. म्हणून मशीन थांबलं की त्या दोन्ही जाळ्या ओढून मोरीत न्यायच्या, चिंचेचा कोळ लावून तारेच्या घासणीनं खसाखसा घासायच्या, फडक्यानं कोरड्या करायच्या आणि परत आत सरकवायच्या. रोज, दोन वर्षं. तारेवर मऊ लेप असतो, तो पाण्यापासून लोखंड राखतो, तो त्यांनी मळ समजून काढला. मशीन बनवणाऱ्यांनी जगातल्या सगळ्या चुका ध्यानात धरल्या असतील, पण शिरोळची सासू त्यांनी बघितली नव्हती.

बनाबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ऋषभची ही तिसरी खेप. पहिल्यांदा त्यानं दीपाचं नेलपॉलिश फासलं होतं. दुसऱ्या दिवशी आमटीच्या वाट्यांना गुलाबी खपल्या चिकटल्या. मग नळाला गुंडाळायची चिकटपट्टी आणली. गरम पाण्यानं ती सुटली आणि जाळीतून आतड्यासारखी लोंबायला लागली. आता खास जाळीसाठीच असतो म्हणे असा पातळ रबरासारखा रंग बाटलीत घालून लांबून मागवला होता, आणि त्याच्यासोबत दांड्यांच्या टोकाला घालायच्या बारीक टोप्यांची पुडी.

बनाबाई घासता घासता तिरक्या नजरेनं बघत होती. ऋषभनं बाटलीचा ब्रश बुडवला आणि गंजावरच थापला. जाड, गिलाव्यासारखा. खाली तपकिरी पापुद्रा तसाच.

न राहवून तिनं विचारलं, "गंज खरवडलासा का?"

"मावशी, हे टेक्निकल आहे." ऋषभ कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि हाताखालच्या माणसांशी बोलायचा त्याचा एक सोशिक आवाज होता, तो त्यानं काढला. "ह्या केमिकलनं गंज आपोआप झाकला जातो."

"झाकला जातोय," बनाबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

झाकणारी माणसं तिनं पुष्कळ बघितली होती. त्यातल्या एकाशी तिनं संसार केला होता.

तिच्या नवऱ्याचं, पिराजीचं, पेठेत तारकामाचं दुकान होतं. भिंतीवरच्या मांडण्या, उंदराचे सापळे, कोंबड्यांची खुराडी, बाळंतिणीच्या घरी पावसाळ्यात निखाऱ्यावर दुपटी वाळवायच्या तारेच्या टोपल्या. पाटीवर नाव पिराजीचं. पिराजी दुकानाच्या तोंडाला बसायचा, पान लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कालच्या फुटबॉलच्या मॅचमध्ये पंचांनी कसा घोळ घातला ते सांगायचा. मागच्या अंगाला, छपरीत, बनाबाई तार सरळ करायची, वाकवायची, बांधायची, टोकं कानसायची, गंज खरवडायची, रंगाच्या डब्यात बुडवून दोरीला टांगायची. गिऱ्हाईक मांडणीवरनं हात फिरवून म्हणायचं, पिराजी, हात सोन्याचा बघ तुझा. पिराजी पान चघळत मान हलवायचा. तार कुठली आणि सुतळी कुठली हे त्याला मरेपर्यंत उमगलं नाही, पण मान हलवायला त्याची कधी चुकली नाही. एकदा बनाबाई तापानं पडली तेव्हा त्यानं स्वतः चार मांडण्या रंगवल्या, गंजावरनंच. चालतंय की, म्हणाला. महिन्याभरात चारी परत आल्या आणि बनाबाईनं त्या नव्यानं केल्या. पुढं स्टीलच्या तयार मांडण्या बाजारात आल्या, दुकान मिटलं, पाठोपाठ पिराजीही गेला, आणि बनाबाई जगाची भांडी घासायला लागली. "चालतंय की" हे दोन शब्द तेवढे तिच्या कानाला कायमचे नकोसे झाले.

दुपारी घरी आल्यावर तिनं शेजारच्या झुंबरबाईला हा सगळा तमाशा सांगितला. झुंबरबाई सुपात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, मग तुझं काय बिघडलं? तू आपली गप बघ. त्याला फासू दे काय फासायचं ते. मोडकी जाळी म्हणजे तुझी भाकरी हाय. तोंड उघडलंस तर माझ्याशी बोलू नगंस.

"मी कशाला तोंड उघडतोय," बनाबाई म्हणाली. "मला काय येड लागलंय?"

आणि ती तेव्हा खरंच बोलत होती.

गुरुवारी सकाळी ती गेली तेव्हा जाळी पुन्हा टेबलावर होती. रंग सापाच्या कातीसारखा सुटून आला होता आणि खालचा गंज ओला होऊन आणखी फुगला होता. दीपा कामावर जायच्या घाईत होती, तिनं त्याच्याकडं बघायचंही टाळलं. आक्का खुर्चीत बसून जपमाळ ओढत होत्या. पर्वाचे उपास चालू होते, त्यांचं एकच वेळ जेवण. ऋषभच्या हातात आज ब्रश नव्हता. तारा तोडायची पकड होती.

"पुढची सगळी रांगच काढून टाकतो," तो आईला सांगत होता. "मागच्या रांगांत बसतात तेवढी ताटं बसतील. चालतंय की."

त्यानं पकड लावली ती पहिल्या दांडीला. त्या दांडीला काही झालं नव्हतं. टोकाला एक चीर, बाकी लेप शाबूत, आत लोखंड कोरं. बनाबाईला नळाखालून ते लख्ख दिसत होतं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. झुंबरबाईचं सूप तिला आठवलं, चोवीस तास पाणी आठवलं, उजेडातली संध्याकाळची भांडी आठवली. तिनं पातेलं परत उचललं. मग पकडीचा कट्ट आवाज झाला आणि चांगली दांडी टिणकन पेपरवर पडली.

"ठेवा ती पकड," बनाबाई म्हणाली.

आवाज असा होता की आक्कांची माळ थांबली.

"काय झालं मावशी?"

"बारा दांड्या हायत्या. चार गंजल्यात, एक आधीच मोडलीया. सात चांगल्या हुत्या, त्यातली एक आत्ता तुमी मारलासा. चष्मं दोन दोन घालून दिसत न्हाय व्हय? सरका तिकडं."

ऋषभ सरकला. का सरकला हे त्याला पुढंही सांगता आलं नसतं. बनाबाईनं पदराला हात पुसले, जाळी उचलली आणि उजेडाला धरून फिरवली. मग जाळीकडं बघतच बोलत राहिली. हे गुलाबी कुणी लावलं, ही पट्टी कुणी डकवली, वर हा गिलावा कुणी केला. शाळेतलं पोर पण पाटी पुसून लिहितं. तुमी गंजावर लिहिलासा, गंजावर गंज. आणि आक्का, तुमीबी ऐका. ही जाळी म्हंजे भांडं न्हवं, तिला घासायची नसते. तुमच्या घासणीनं हिची कातडी सोललीया.

आक्का उठल्या, मोरीतली तारेची घासणी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. ह्या घरात समज असलेलं एक माणूस आहे, एवढं बनाबाईनं मनातल्या मनात मान्य केलं. पण एकच.

तिनं तीन दिवस घेतले. भांडी उरकली की ती जाळी घेऊन गॅलरीत बसायची. पहिल्या दिवशी नेलपॉलिश, पट्टीचा गोंद, बाटलीचा रंग सगळं सोलून काढलं. मग चिंचोक्याएवढा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून एकेक गंजकी जागा खरवडली. तपकिरी गेलं, मग काळं गेलं, तरी थांबली नाही. लोखंड चांदीसारखं चमकेपर्यंत खरवडलं. ऋषभ मधनंच येऊन म्हणाला, एवढं बास की. तिनं काडीला नवा पेपर गुंडाळला.

ह्या हवेत उघडं लोखंड तासाभरात पुन्हा लाल होतं. म्हणून धुऊन पुसल्याबरोबर तिनं आक्कांकडं शेगडी मागितली. आक्कांनी माळ्यावरची शेगडी काढून दिली, कोळसे एकेक झटकून, आत किडा-मुंगी नाही ना बघून मगच पेटवू दिले. निखारे फुलल्यावर बनाबाईनं जाळी वरच्या वर धरून शेकली, दुपटं शेकावं तशी, चांगला लेप तापणार नाही इतपत लांब. पार कोरडी झाली, गार झाली, मग शेगडी घराबाहेर काढायला लावली. रंगाची बाटली आणि आग एका जागी नको, हे ऋषभला तिनं दोनदा सांगितलं, कारण एकदा सांगून कळेल असं तिला वाटत नव्हतं.

मग काडीला कापूस लावून पातळ हात दिला. पंख्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. तिसऱ्या दिवशी तिसरा. रंग बाटलीतलाच वापरायचा, असं तिनं ठरवलं होतं. तिच्या खोलीत मांडण्यांच्या काळातला ऑइलपेंटचा अर्धा डबा होता, ते तिच्या बोलण्यात आल्यावर ऋषभ म्हणाला तोच लावू या. ज्यात खायची ताटं राहतात त्याला दाराचा रंग लावणाऱ्या माणसाला नोकरीवर कुणी ठेवलं, असा तिला प्रश्न पडला. तो तिनं विचारलाही.

मोडलेल्या दोन दांड्यांच्या जागी तिनं सायकलच्या दुकानातनं स्टीलचा स्पोक आणवला. तुकडे करून खालच्या आडव्या तारेला दोन वेढे घातले, वेढा पकडीनं दाबला, दांडी उभी केली. वेल्डिंग नाही, काही नाही. मांडणीचे कपबशीचे हूक असेच बसवतात. सगळ्या टोकांना टोप्या घातल्या. आणि शेवटी पदर सोडवला, एकेका टोकावरनं, एकेका वेढ्यावरनं हळूहळू ओढत नेला. धागा कुठं अडकला की काम नापास, हा छपरीतला कायदा. एका जागी अडकला. तिनं टोपी काढली, टोक कानसलं, टोपी घातली, पदर पुन्हा ओढला. आता नाही अडकला.

ऋषभ दारात उभा होता. ह्या वेळी त्याच्या आवाजात हाताखालच्या माणसांशी बोलायचं काही नव्हतं. "हे कुठं शिकलात मावशी?"

"मोबाईलवर," बनाबाई म्हणाली.

बाटलीवर लिहिलं होतं तेवढे दिवस सुकू दिली. मंगळवारी सकाळी जाळी मशीनमध्ये गेली, ताटं उभी राहिली, दीड तास गुरगुर झाली. दीपानं मुद्दाम उशिरा जायचं ठरवलं होतं. दार उघडल्यावर तिनं एकेक ताट काढून खिडकीशी धरलं. डाग नव्हता. खपली नव्हती. वाफ निघत होती फक्त.

तेवढ्यात ऋषभचा भाऊ वृषभ, पुण्याला असायचा, त्याचा फोन आला. ऋषभ बोलता बोलता गॅलरीत गेला, पण गॅलरी ती केवढी. सगळं ऐकू येत होतं. अरे हो, चालू झालं. नाही नाही, बाहेरून नाही, घरीच केलं. तीन कोट द्यावे लागतात, सरफेस नीट तयार करायचा, मेन तेच आहे. सगळे घाई करतात. हां, ब्रोकन टाइन्सना, दांड्यांना रे, मी स्पोक वापरले.

बनाबाईनं ऐकलं आणि तिला राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा लागतो. पाटीवर नाव कुणाचं असतं ते तिला नवं नव्हतं. हा निदान पान खात नव्हता.

दीपा ताट पुसत जवळ आली. पुसलेलंच ताट पुन्हा पुसत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि त्यासाठी गोड शब्द जुळवत होती, हे बनाबाईला कळलं. फ्रिजवर लाडवाचा डबाही काढून ठेवला होता.

"मावशी, आता ना..."

"उद्यापास्नं मी येत न्हाय," बनाबाई म्हणाली. "मला टाइम न्हाय."

दीपाच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली आणि मग, उशिरा, लाज. क्रम बनाबाईनं नीट बघून घेतला.

"तसं नाही मावशी. पण... महिन्यातनं एकदा जाळी बघायला याल?"

"बघायला आक्का हायत्या की. त्यांना एकदा सांगिटलेलं कळतंय."

आक्का खुर्चीतून उठल्या. दारापर्यंत आल्या. बनाबाईचे हात त्यांनी हातात घेतले, बोटांच्या कडांना लागलेला पांढरा रंग नखानं काढायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही. बनाबाईनं खोळ डोक्यावर ओढली आणि जिना उतरली.

झुंबरबाई नळावर भेटली. तिला सगळं कळायला दोन वाक्यं पुरली. पुढं ती बरंच बोलली, त्यातलं सभ्य तेवढं असं की, तुझ्यासारखं खुळं पेठेत दुसरं न्हाय, आणि वरुणतीर्थापाशी चौथ्या मजल्यावर एक बिऱ्हाड बाई शोधतंय, लिफ्ट न्हाय, पाच पोरं राहत्यात शिकायला, चार दिवसांची भांडी तटलीत, जातीस का?

बनाबाई गेली. चार मजले तिनं तीन ठिकाणी थांबून चढले. दार एका उघड्याबंब पोरानं उघडलं आणि आत बोट दाखवलं. मोरीत कुकर होता, त्यात करपलेला भात, भातावर कढई, कढईत काळं तेल, आणि सगळ्यावर नूडल्सचे वाळलेले धागे. तिनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा मोरीकडं.

"आई हाय का रे तुला?" तिनं विचारलं, आणि तो उत्तर जुळवेपर्यंत पदर खोचून, कुकर नळाखाली ओढून ती खाली बसली.